सायरन वाजल्यावर विचार करायला वेळ नसतो

या आठवड्याचं पत्र प्रतापनगर, नागपूरहून आलं आहे. थोडं कमी करून देत आहे.

"माझी लेक आणि जावई अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात नॉर्मन या गावी राहतात. मे महिन्यात लेकीचं बाळंतपण आहे, म्हणून मी एप्रिलच्या मध्यात एकटीच जाते आहे. परवा शनिवारी रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉलवर बोलत होतो तर मागे मोठा भोंगा वाजायला लागला. जावई म्हणाले, काही नाही, टोर्नेडोच्या सायरनची चाचणी आहे. तेव्हापासून यांची झोप उडाली. दिवसभर मोबाइलवर टोर्नेडोचे व्हिडिओ बघतात आणि म्हणतात, तिकीट रद्द कर. घर एकमजली आहे, भाड्याचं, तळघर नाही. शेजारच्यांच्या गॅरेजमध्ये जमिनीखाली लोखंडी खोली आहे, ते म्हणतात खुशाल या. पण माझे गुडघे दुखतात. इंग्रजी कामापुरतंच येतं. लेक-जावई घरी नसताना भोंगा वाजला तर मी काय करायचं? मला तर आपली उन्हाळ्यातली वावटळ तेवढी माहीत. — एक आई"

नमस्कार ताई,

आधी तिकिटाचं. रद्द करू नका. लेकीला या दिवसांत तुमची गरज आहे, आणि तुम्ही तिथं जाऊन केवळ स्वयंपाक करणार नाही, नीट तयारी करून गेलात तर वादळाच्या वेळी घरातलं एक शहाणं, शांत माणूस तुम्ही असाल.

भाऊजींची काळजी मात्र खोटी नाही. अमेरिकेत वर्षाला साधारण १,२०० टोर्नेडो होतात, ओक्लाहोमात त्यांचा जोर एप्रिल ते जूनमध्ये असतो आणि मे महिना सगळ्यात वाईट. म्हणजे तुम्ही नेमक्या हंगामात जाताय. नॉर्मनला अगदी लागून असलेल्या मूर या गावानं १९९९ आणि २०१३ च्या मे महिन्यात सर्वांत वरच्या श्रेणीचे टोर्नेडो सोसले आहेत. पण ही दुसरी बाजूही भाऊजींना वाचून दाखवा. टोर्नेडोची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजतात, आणि घरं मुळापासून उखडणारे चार-पाच श्रेणीचे शंभरात एकही भरत नाहीत. बहुतेक टोर्नेडोंचा पट्टा अरुंद असतो आणि काही मिनिटांत ते विरतात. साऱ्या अमेरिकेत त्यानं दरवर्षी सरासरी सत्तरच्या आसपास माणसं दगावतात. आपल्या देशात नुसती वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, आणि त्या भीतीनं आपण कुणी गावी जायचं सोडत नाही.

वावटळीचं तुम्ही लिहिलंत. ती वेगळी. तापलेल्या जमिनीवरची हवा गरगरत वर उठते, वर आभाळ मोकळं असतं, पाचोळा आणि धूळ उडते आणि संपतं. टोर्नेडो मात्र ढगाचा असतो. मेक्सिकोच्या आखातावरून आलेली गरम दमट हवा, पश्चिमेकडची कोरडी हवा आणि वरच्या थरात जोरानं वाहणारे, उंचीनुसार दिशा बदलणारे वारे एकत्र आले की गडगडाटी ढग स्वतःभोवती फिरायला लागतो. अशा काही ढगांच्या पोटातून तो फिरता खांब जमिनीला टेकतो. टीव्हीवर दाखवतात ती समुद्रावरची चक्रीवादळंही वेगळी. त्यांची खबर चार-पाच दिवस आधी लागते, गावं रिकामी करता येतात. टोर्नेडोचा नेमका इशारा मिळतो तो साधारण दहा-पंधरा मिनिटं आधी, कधी त्याहून कमी. तेवढ्या वेळात ठरवाठरवी होत नाही. फक्त आधी ठरवलेलं करता येतं. म्हणून मी पुढं जे लिहितो आहे ते सगळं तुम्ही पोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत उरकायचं आहे, आधी झोप काढा आणि मग हेच.

इंग्रजीची काळजी करू नका, मोजके शब्द पुरतात. 'टोर्नेडो वॉच' म्हणजे आज हवा तशी आहे, होऊ शकतो. हा इशारा मोठ्या भागाला आणि काही तासांसाठी असतो. त्या दिवशी कुणी लांब खरेदीला जायचं नाही, फोन पूर्ण चार्ज करायचे, सगळ्यांनी कुठं आहोत ते एकमेकांना सांगून ठेवायचं. 'टोर्नेडो वॉर्निंग' म्हणजे रडारवर दिसला आहे किंवा कुणी प्रत्यक्ष पाहिला आहे; तुमच्या भागाचं नाव त्यात असेल तर हातातलं काम टाकून लगेच आत जायचं. गॅस बंद करा आणि चला, पोळी तव्यावर राहू दे.

दुसरं म्हणजे नावं. तिथल्या टीव्हीवर गावापेक्षा जिल्ह्याचं, म्हणजे काउंटीचं नाव घेतात. नॉर्मन क्लीव्हलँड काउंटीत येतं. ही वादळं बहुधा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडं सरकतात, म्हणून त्या बाजूच्या ग्रेडी आणि मॅक्लेन या दोन काउंट्यांची नावंही पाठ करा. टीव्हीवर नकाशा लाल झाला आणि ग्रेडी, मग मॅक्लेन ऐकू आलं, की पुढचा नंबर तुमचा असू शकतो, तयारीला लागा. कागदावर मराठीत मोठ्या अक्षरात तिन्ही नावं आणि घराचा पूर्ण पत्ता लिहून फ्रिजला लावून टाका.

सायरनवर विसंबू नका. तो घराबाहेर असलेल्या लोकांसाठी असतो. बंद खिडक्या, एसी आणि गारांचा आवाज यांत तो ऐकू येईलच असं नाही. (शनिवारी दुपारी बाराला त्या भागात चाचणी होते. तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, तुम्ही ऐकलात तो हाच. आभाळ भरलेलं असेल तर मात्र चाचणी करत नाहीत, म्हणून शनिवार असला तरी ढगाळ दिवसाचा सायरन खराच धरा.) तिथलं सिम घ्या, फोनमधल्या सरकारी आणीबाणीच्या सूचना चालू आहेत का ते जावयांकडून तपासून घ्या, आणि रात्री फोन सायलेंटवर टाकू नका. शिवाय जावयांना बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घ्यायला सांगा. रात्री सगळे झोपेत असताना तो आपोआप बोलायला लागतो आणि जाग आणतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये खुद्द नॉर्मनमध्ये टोर्नेडो आला तो रात्रीचाच, आणि हंगामही नव्हता.

आता मुख्य गोष्ट, जागा. तळघर नसलेल्या घरात सगळ्यात खालच्या मजल्यावरची, घराच्या मधोमध असलेली, बाहेरची भिंत आणि खिडकी नसलेली लहानात लहान खोली निवडायची. तिथल्या घरांत ती बहुतेक वेळा बेडरूमला जोडलेली कपड्यांची खोली असते, ज्याला ते क्लोझेट म्हणतात, किंवा आतलं बाथरूम. लहान खोली अशासाठी की जवळजवळ असलेल्या भिंती छताचा भार जास्त पेलतात, आणि उडत येणाऱ्या वस्तूला तुमच्यापर्यंत पोचायला जास्त भिंती फोडाव्या लागतात. टोर्नेडोत माणूस वाऱ्यानं कमी आणि त्या वाऱ्यानं फेकलेल्या फळ्या, काचा, विटांनी जास्त जखमी होतो.

आणि इथं मला एक अडचण अगदी डोळ्यांसमोर दिसते आहे. तुम्ही नागपुराहून निघाल तेव्हा तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा नेणार. डिंकाचे लाडू, मेतकूट, शेपा, बाळंतविडा, बाळाच्या दुपट्यांचा गठ्ठा. त्या बॅगा रिकाम्या झाल्या की जावई त्या कुठं ठेवतील? त्याच कपड्यांच्या खोलीत. तिथं आधीच हिवाळी कोट, व्हॅक्यूम क्लीनर, न उघडलेले खोके आणि बाळासाठी आलेला पाळण्याचा मोठा बॉक्स असेल. वॉर्निंगच्या वेळी दार उघडलं तर आत एका माणसालाही बसता यायचं नाही. त्यामुळं पोचल्यावर पहिलं काम म्हणजे ती खोली रिकामी करवून घ्या. वरच्या फळीवर जड काही ठेवू नका, बॅगा गॅरेजमध्ये जाऊ द्या. मग तुम्ही तिघं प्रत्यक्ष आत बसून बघा, दार लावून. लेकीला पोट सांभाळून टेकून बसता येतं का? तुमचे गुडघे दुखतात, तर खाली बसायचा हट्ट नको. एक बुटका, भक्कम स्टूल आतच ठेवा, त्यावर बसून पुढं वाका आणि दोन्ही हातांनी डोकं-मान झाका. गाद्या किंवा जाड रजया अंगावर ओढून घेता येतील अशा दाराशीच असू द्या.

त्या खोलीत कायमचं सामानही ठेवायचं. सगळ्यांचे पुढून बंद असलेले बूट, ही गोष्ट आपण मराठी माणसं हमखास विसरतो, कारण घरात आपण अनवाणी असतो. वादळानंतर जमिनीवर काचा आणि खिळे असतात; सपाता पुरत नाहीत. प्रत्येकाला एक हेल्मेट, सायकलचं चालेल. भाऊजींकडं जास्तीचं स्कूटरचं हेल्मेट असेल तर बॅगेत टाका, डोक्याला मार लागूनच बरेच जीव जातात. बॅटरी, मोबाइलची पॉवर बँक, पाण्याच्या बाटल्या, एक शिट्टी, ढिगाऱ्याखालून ओरडण्यापेक्षा ती जास्त लांब ऐकू जाते. तुमच्या बीपीच्या किंवा ज्या असतील त्या गोळ्या, लेकीची दवाखान्याची फाइल, पासपोर्ट आणि विम्याचे कागद एका खांद्याला अडकवायच्या पिशवीत.

शेजाऱ्यांच्या जमिनीखालच्या खोलीचं काय? ती चांगलीच. खरं सांगायचं तर सर्वांत ताकदवान टोर्नेडोसमोर घरातली कुठलीही साधी खोली पुरी पडेलच असं नाही. तिथं जमिनीखालची किंवा त्याच कामासाठी बांधलेली पोलादी-काँक्रीटची खोलीच खात्रीची. पण त्या गॅरेजमधल्या खोल्यांच्या पायऱ्या शिडीसारख्या उभ्या असतात आणि वर सरकतं लोखंडी झाकण. एखाद्या स्वच्छ दिवशी शेजाऱ्यांना विचारून एकदा उतरून बघा. तुम्हाला किती वेळ लागतो, लेकीला उतरता येतं का, धरायला काय आहे. सिझेरियन झालं तर पुढचे काही आठवडे तिला ती शिडी झेपेलच असं धरू नका. माझं म्हणणं असं: तिथं जायचं असेल तर वॉच जाहीर असताना, वादळ अजून दोन काउंट्या लांब असतानाच जाऊन बसा. वॉर्निंग तुमच्या डोक्यावर आली, बाहेर गारा पडायला लागल्या, तर नऊ महिन्यांच्या पोटुशा लेकीला घेऊन अंगण ओलांडू नका. आपल्या आतल्या खोलीत जा. आणि अशी सरकत्या झाकणाची खोली वापरणार असाल तर त्यात कोण येणार ते नागपुरात भाऊजींनाही माहीत असू द्या. तिथल्या काही गावांत अशा खोल्यांची नगरपालिकेत नोंद करता येते, म्हणजे झाकणावर ढिगारा पडला तर बचाव पथकाला कुठं शोधायचं ते कळतं. शेजाऱ्यांनी नोंद केली आहे का तेही विचारा.

तुम्ही घरी एकट्या असाल तर: बूट, फोन, पिशवी, आतली खोली, दार बंद. खिडक्या उघडायच्या नाहीत. हवेचा दाब बाहेर जावा म्हणून खिडक्या उघडा, असं पूर्वी सांगत. ते चुकीचं आहे, उघड्या खिडकीतून वारा आत शिरून छत उचलतो, आणि तो वेळही वाया जातो. दारात जाऊन बघायचंही नाही. पावसाच्या पडद्याआड असलेला टोर्नेडो दिसतच नाही, अंधारात तर नाहीच. ३१ मे २०१३ रोजी नॉर्मनच्या वायव्येला एल रीनो गावाजवळ चार किलोमीटरहून जास्त रुंदीचा टोर्नेडो झाला. त्यात टिम समारास हे आयुष्यभर टोर्नेडोंचा अभ्यास केलेले संशोधक, त्यांचा मुलगा आणि सहकारी तिघंही गेले. जावयांना मोबाइलवर व्हिडिओ काढायची हौस असेल तर त्यांना हे सांगा. सासूबाईंनी सांगितलेलं ते ऐकतील.

त्याच संध्याकाळी बऱ्याच लोकांनी घर सोडून गाडीनं पळायचा प्रयत्न केला आणि रस्ते तुंबून ते मध्येच अडकले. म्हणून घर भक्कम असेल तर घरातच. लेक दवाखान्यातून येताना वाटेत गाडीत असताना वॉर्निंग आलीच, तर सगळ्यात जवळची पक्की इमारत, एखादं दुकान, पेट्रोल पंपाचं आतलं बाथरूम, जिथं शिरता येईल तिथं शिरायचं. पुलाखाली अजिबात थांबायचं नाही. पुलाखाली वारा आणखी जोरानं घुसतो. ३ मे १९९९ ला पुलाखाली आसरा घेतलेली माणसं दगावली आहेत. काहीच जवळ नसेल तर गाडीत पट्टा लावून काचेच्या खाली डोकं घालून, अंगावर कोट-चादर घेऊन बसायचं, किंवा गाडीपासून लांब, रस्त्यापेक्षा स्पष्टपणे खोल असलेल्या चरात पालथं पडायचं. दोन्ही शेवटचे उपाय आहेत.

बाळंतपण चालू असतानाच वादळ आलं तर, हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण मनात असणारच. २० मे २०१३ ला मूरमधल्या इस्पितळावर टोर्नेडो थेट आला. एक बाई प्रसूतीच्या इतक्या जवळ होती की तिला खाली हलवणं शक्य नव्हतं. परिचारिकांनी तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं, ब्लँकेटं घातली आणि तिला सोडून न जाता तिच्याभोवती थांबल्या. इमारतीची भिंत गेली. त्या सगळ्या वाचल्या, त्या इस्पितळात आसरा घेतलेल्यांतलं कुणीही दगावलं नाही, आणि ते बाळ दुसऱ्या इस्पितळात सुखरूप जन्मलं. तिथल्या इस्पितळांना हे करायचं कसं ते माहीत असतं. तुम्ही फक्त परिचारिका सांगतील तिथं, खिडकीपासून लांब, लेकीजवळ राहा.

बाळ घरी आल्यावर तयारीत एकच बदल. वॉर्निंगला बाळ मांडीवर घेऊन बसू नका, हातातून सुटू शकतं. गाडीतली बाळाची उचलता येणारी सीट आतल्या खोलीत न्या, बाळाला तिच्यात पट्टे लावून बसवा, वरून दुपटं सैल, तोंड उघडं. ती सीट तुमच्या आणि लेकीच्या मध्ये. दुधाची, लंगोटांची एक लहान पिशवी आतच ठेवलेली असू द्या.

वादळ पुढं गेल्यावर लगेच बाहेर पडू नका. एका ढगातून मागोमाग दुसरा टोर्नेडो येऊ शकतो. वॉर्निंगची वेळ संपू द्या. आणि ताई, सगळं निभावलं की आपला हात आधी देवापुढच्या दिव्याकडं जातो. तेव्हा काडी पेटवू नका. त्या घरांना बहुधा नळातून गॅस येतो, भिंत हलली की नळी सुटू शकते. उदबत्ती नाही, मेणबत्ती नाही, चहासुद्धा नाही. बॅटरी लावा, वास येतोय का बघा, वास आला तर घराबाहेर जाऊन मग फोन करा. तुटलेल्या तारांना आणि तारा पडलेल्या पाण्याला हात-पाय लावायचा नाही. नमस्कार हात जोडून करा, दिवा दुसऱ्या दिवशी.

राहिले भाऊजी. ओक्लाहोमाची उन्हाळ्यातली घड्याळं आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं असतात. तिथं टोर्नेडो बहुतेक दुपारी चार ते रात्री नऊच्या सुमारास होतात, म्हणजे आपल्याकडं पहाटे अडीच ते सकाळी साडेसात. सकाळी चहाबरोबर टीव्ही लावला की 'ओक्लाहोमात टोर्नेडो' ही पट्टी दिसेल, आणि त्यांचा हात फोनकडं जाईल. ते राज्य लहान नाही. बातमीतलं गाव नॉर्मनपासून नागपूर–अमरावतीइतकं, नाहीतर त्याहून लांब असू शकतं. त्यांनी आधी काउंटीचं नाव बघावं. क्लीव्हलँड असेल तरी फोन करू नये. त्या दहा मिनिटांत वाजणारा फोन तुमचं लक्ष आणि बॅटरी दोन्ही खातो, आणि नंतर लाइनी जाम होतात. तुम्ही दोघांनी असं ठरवा की आत जाताना तुम्ही कुटुंबाच्या ग्रुपवर "आत" एवढंच टाकाल आणि बाहेर आल्यावर "बाहेर, सगळे ठीक". मधल्या वेळात गप्प बसायचं काम भाऊजींचं. नेटवर्कच गेलं तर निरोप यायला काही तासही लागतील, तो उशीर म्हणजे वाईट बातमी नव्हे, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा. एखादा दुसऱ्या राज्यात राहणारा नातेवाईक किंवा जावयांचा मित्र निरोप्या म्हणून नेमा. वादळाच्या गावातून गावात फोन लागत नाही तेव्हा लांबचा लागतो.

आणि भाऊजी, तुम्ही एप्रिल-मे नागपुरात एकटे असाल. दुपारी चारनंतर आभाळ काळं होतं, धुळीचा लोट येतो, टिना उडतात, फांद्या मोडतात, विजा पडतात. आपल्याकडचं हे संकट दरवर्षी ठरलेलं आहे. गच्चीवरच्या सुट्या टिना आणि रिकाम्या कुंड्या आत्ताच बांधून किंवा खाली आणून ठेवा. फोनवर 'दामिनी' ॲप घ्या, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं. आणि गडगडायला लागलं की कडुनिंबाखाली लावलेली स्कूटर आत घ्यायला बाहेर पडू नका, ती भिजली तरी चालेल.